रडण्याची नोंद

"जन्मल्यावर रडलं, हालचाल केली, पण जगलं नाही, असं एखादं मूल?"

मधुराने टॅबवरचा प्रश्न भरभर वाचला. सर्व्हेसाठी लालबागच्या या चाळीतल्या आणखी खोल्या दुपारच्या आत उरकायच्या होत्या आणि ऑफिसातून सारखे फोन येत होते.

"नाही," प्रिती म्हणाली. "दोनच मुली. शाळेत गेल्यात."

मधुराने 'नाही'वर बोट टेकवलं.

"माझी रडली होती."

खिडकीपाशी लसूण सोलत बसलेली प्रितीची सासू, रखमा, बोलली होती. दोघींनी वळून पाहिलं.

"आई, काय बोलताय?"

"तुझ्या नवऱ्याच्या आधीची. इस्पितळात म्हणाले, मेलेलीच जन्मली. ह्यांनी पण तेच धरून ठेवलं. मी ऐकलं होतं." रखमाने मधुराकडे पाहिलं. "लिही गो."

मधुराचा फोन थरथरला. तिने तो उलटा ठेवला.

"आजी, तुमचं घेता येत नाही. एकोणपन्नास वर्षांपर्यंतच्याच बायकांना विचारायचं असतं."

"मग विचारता कशाला?"

"किती बाळं दगावतात त्याचा आकडा निघतो. त्यावरून देश किती सुधारला ते ठरवतात. दुसऱ्या गरीब देशांशी ताडून बघतात."

रखमाने पुन्हा लसूण हातात घेतला. "म्हणजे तुमच्याकडे पण ती जन्मलीच नाय."

राहिलेले प्रश्न मधुराने कसेबसे संपवले, चपला अडकवल्या आणि गॅलरीत शेजारच्या दारासमोर जाऊन उभी राहिली. कडी वाजवायला हात वर केला, तो तसाच राहिला. जरा पुढे गेली, परत आली. फोन पुन्हा वाजू लागला. तिने तो बंद केला आणि मागे फिरली.

प्रिती सासूला खेटून बसली होती.

"इतकी वर्षं मला बोलला नाहीत, आई."

"कोण विचारतं?"

मधुराने टॅब पिशवीत घातला आणि दोघींच्या समोर जमिनीवर बसली.

"आजी, मला सांगा."

रखमाचे हात थांबले. ती बराच वेळ मधुराच्या तोंडाकडे बघत राहिली, ही खरंच ऐकणार आहे का ते पारखत असल्यासारखी.

"आधी बारीक रडली," ती म्हणाली. "मग जोरात."