न दिलेले फोटो

"दिवसभर कॅमेरा नुसता खटखटत होता, आणि हातात काय, तर मूठभर फोटो," नवी नवरी स्वतःशीच पुटपुटली.

पुटपुटणं हळू होतं, पण काउंटरमागे कॉम्प्युटरपाशी बसलेल्या काकूंच्या कानांनी ते बरोबर टिपलं. हल्ली त्यांचे कान असल्याच बोलण्याकडे लागलेले असत. लग्नाचे फोटो काढायचे काकांनी आणि त्यातले निवडून द्यायचे काकूंनी, ही त्या स्टुडिओतली नवराबायकोची जुनी वाटणी. कॅमेऱ्यात रोल होता तेव्हा काका शंभर फोटो काढत, आणि त्यातले चार वगळायचेसुद्धा काकूंच्या जिवावर येई. आता काका एकेका लग्नात चार चार हजार काढून आणत, आणि काकू माउसवर बोट ठेवून गाळत बसत. कुणाचं नुसतं कोपर, कुणाचं अर्धंच कपाळ. या नवरीच्या लग्नात तर ओळीने चाळीस फोटो एका रिकाम्या खुर्चीचे होते. चाळून चाळून तीनशे उरले. गिऱ्हाइकाला काकू म्हणत, "आमची निवड कडक असते हो."

काकांना त्या काही विचारत नव्हत्या. काकाही काही सांगत नव्हते. पूर्वी निवडताना ते शेजारी खुर्ची ओढून बसायचे, एकेका फोटोवरून भांडायचे. गेल्या वर्षभरात म्हणू लागले, "तूच बघ. तुझा हात बसलाय." मग चहाचा कप टेबलाच्या कडेबाहेर ठेवायचे आणि टेबलाला शिव्या घालायचे. काकू काचा गोळा करता करता टेबलालाच दोन शिव्या देत.

त्यातल्या त्यात बरं इतकंच, की जे उरत ते फोटो झकास असत. मैत्रिणी खदाखदा हसताहेत, आजोबा तोंड वासून टाळी देताहेत, कुणाची आत्या हसता हसता ठसका लागून लालेलाल झालीय. सगळी हसणारी माणसं. उतारवयात स्वभाव निवळलाय यांचा, असं काकू स्वतःला समजावत.

नवरी आता सरळ काउंटरशी, काका बसले होते तिथे आली.

"काका, फोटो छान आहेत, खोटं कशाला बोलू? पण माझ्या आईचा एकटीचा एकही नाही. ग्रुपमध्ये आहे, तीही मामाच्या खांद्याआड."

आई तिच्या मागेच, दाराशेजारच्या भिंतीला टेकून उभी होती. करड्या कपड्यांतली, भिंतीच्याच रंगाची वाटावी अशी बाई. आल्यापासून तिने चकार शब्द काढला नव्हता. आताही तिने पुढे होऊन लेकीचा दंड हळूच ओढला आणि 'जाऊ दे' अशी मान हलवली.

"असेल गं," काका म्हणाले. "निवडताना राहून गेला असेल."

काकूंनी तो आळ मुकाट्याने घेतला.

"मग सगळेच द्या ना. न निवडलेले. मी घरी बसून शोधते."

काकूंनी माउस बाजूला सारला. ते सगळे फोटो त्यांच्या डोळ्यांपुढून सरकले. नवरीच्या घरी टीव्हीला जोडून बघणार, अख्खं गणगोत सोफ्यावर बसणार. कोपरं, कपाळं, ती खुर्ची. कुणीतरी विचारणारच, या माणसाला झालंय तरी काय? आठवड्यात गावभर होईल. पुढच्या महिन्यातली दोन लग्नं हातची जातील. ती गेली तर गेली. पण गळ्यातला कॅमेरा गेला, तर हा माणूस सकाळी उठेल कशासाठी?

"सगळे देत नाही आम्ही," त्यांनी रेटून सांगितलं. "भाजीबरोबर सालं पण वाढतं का कुणी ताटात?"

"सालांत माझी आई असली तर?" नवरी म्हणाली.

काका समजुतीच्या सुरात म्हणाले, "भांडू नका गं. असं कर पोरी, तुझ्या आईंना एकदा इथे घेऊन ये. मी त्यांचे वेगळे काढून देतो, हवे तेवढे. त्यांना म्हणावं, छान तयार होऊन या."



नवरीने मागे आईकडे पाहिलं. मग काकांकडे. तिचं तोंड उघडलं, पण आईने झटकन ओठांवर बोट ठेवलं. लेकीला डोळ्यांनीच दटावलं. आणि ती बाई चपलांचा आवाज होऊ न देता दाराकडे सरकू लागली. बाहेर जाऊन नव्याने आत यायचा तिचा बेत काकूंना कळला.

"अहो," त्या घाईघाईने म्हणाल्या, "चष्मा कुठे ठेवलात तुमचा?"

"डोळ्यांवर आहे."

काकांनी मान वळवली. दाराच्या दिशेने नाही, त्याच्या बरीच अलीकडे.

"इथेच आहेत का त्या?"

"हो," नवरी म्हणाली.

काका उठले. काउंटरची कड धरून उभे राहिले. काकू पुढे झाल्या, काहीतरी सारवासारव करायला, पण काकांनी हातानेच त्यांना थांबवलं.

"मला दिसत नाही गं पोरी," ते म्हणाले. "वर्ष झालं. कुणी हसलं की त्या आवाजाच्या दिशेने कॅमेरा धरतो, आणि बटण दाबत सुटतो. तुझ्या आईंचा त्या दिवशी आवाजच आला नाही."