तीन आठवड्यांचे आलेख

लेकीची, ऋताची पाठवणी होऊन दोन दिवस झाले होते. हेमांगीताईंनी आपल्या कानामागच्या संवेदकाचे तीन आठवड्यांचे आलेख एकाखाली एक मांडले आणि त्या थबकल्या. मेंदूतल्या गाठीच्या पेशी जागा सोडण्यापूर्वी एकमेकींना रासायनिक संकेत देतात. संवेदक तेच टिपत असे. पण जिवंत पेशी कोणत्याही दोन आठवड्यांत सारख्या वागत नाहीत, हे त्यांनी विद्यापीठात वीस वर्षे शिकवले होते. इथे तर तिन्ही आलेख तंतोतंत सारखे होते.

“अहो, एकच आलेख तारखा बदलून तीनदा छापलात?”

दिगंबररावांनी चहाचा कप खाली ठेवला. “खरे अहवाल नातेवाइकांकडे येतात, हेमा. तशी पद्धतच आहे.”

“संकेत कधी सुरू झाले?”

“लग्नाला अठरा दिवस होते तेव्हा. पेशी थोपवायच्या त्या औषधानं तोंड सुजतं म्हणे. मांडवात चार लोकांसमोर... आम्हा दोघांनाही वाटलं, कार्य पार पडू दे.”

“दोघांना? म्हणजे ऋतालाही ठाऊक होतं?”

पेशी हलण्याआधी, संकेत सुरू झाल्यापासूनच्या पहिल्या दहा दिवसांतच त्या औषधाचा उपयोग होई.

“उद्याच सुरू करू,” ते घाईने म्हणाले.

“गाठीला द्याल हो औषध. पण तिथून निघालेल्या पेशी आता कुठवर पोचल्यात, ते कुणाला विचारणार?” त्यांचा आवाज मुळीच चढला नाही. “माझ्या हातात दहा दिवस होते, आणि ते दहाही दिवस तुम्ही दोघांनी मला रुखवत सजवायला बसवलंत.”