मोरघारीचा फोटो

पाण्यात सूर मारून मासा उचलणारी मोरघार टिपायला श्रीरंग अकरा हिवाळे भिगवणच्या जलाशयावर येत होता. त्याची बायको वसुधा मात्र पहिल्यांदाच आली होती, त्याचाच जुना कॅमेरा गळ्यात अडकवून. तो बॅटरी बदलत असताना नावेसमोरच घार पाण्यावर कोसळली आणि वसुधानं बटण दाबलं.

"वैनींनी बरोबर गाठली बघा!" नावाडी खूश होऊन म्हणाला.

श्रीरंगनं तिचा कॅमेरा हातात घेतला. पंखांवरून निथळणारं पाणी, नख्यांत तडफडणारा मासा, घारीचा पिवळाजर्द डोळा, सगळं लख्ख आलं होतं. अकरा हिवाळ्यांत त्याला असा एकही मिळाला नव्हता.

"बरा आहे," तो म्हणाला. "पण हललाय जरासा. असले फोटो आम्ही ठेवत नाही."

"मग पुसून टाकू?"

"टाक."

तिनं खरंच पुसला. वर "तुमचा येईल बघा आता छान," म्हणत थर्मासमधला चहा त्याच्यापुढे धरला.

त्यानं चहा तसाच बाजूला ठेवला. नाव काठाला लागली. मग त्यानं तिच्या कॅमेऱ्यातलं कार्ड काढून रुमालात गुंडाळलं. "यावर आता काही काढायचं नाही. पुण्यात एक जण पुसलेले फोटो परत मिळवून देतो."

"अहो, पण तो तर हलला होता ना?"

"नाही गं," श्रीरंग खाली बघत म्हणाला. "जळलो मी."