कुंकवाचं बोट

नवऱ्याच्या मारापासून पळालेली हर्षा लेकीला घेऊन भिलाईजवळच्या जामुलमध्ये भाड्याच्या खोलीत लपली होती. घरमालकीण गयाबाईंनी नवी गाडी घेतली, तेव्हा शोरूममध्ये गाडीला कुंकू लावायला त्यांना हिचीच पोरगी हवी होती.

“तिचा फोटो नका काढू देऊ, काकू.”

“कावून वं? लक्ष्मी आहे ते. एका फोटोनं काय होते!”

संध्याकाळी हर्षानं धास्तावून शोरूमची वेबसाइट उघडली. आधी चौकट आली: ‘तुमची खाजगी माहिती आम्ही जपतो. कुकीज चालतील?’ तिनं दोनदा वाचून ‘नाही’ दाबलं.

चौकट गेली. मागे कुंकवाचं बोट दाखवत लेक हसत होती. खाली ‘गयाबाई, जामुल’. फोटो दुपारपासून भिलाईभर फिरत होता. त्याखाली हर्षाच्या नवऱ्यानं लिहिलं होतं, “माही पोरगी आहे ते. न्याले येतो.”