तोफेची वाचा

“पुन्हा. आऽऽ म्हणा.”

पेशंटचं तोंड उघडलं, जबडा हलला आणि घशातून जेमतेम घरघर आली. तिनं घड्याळ बघितलं. सव्वादहा. साडेदहाला त्याचा जावई येणार होता आणि त्याला सासऱ्याची वाचा आली की नाही, याचा तिच्या सहीचा कागद हवा होता.

समोरच्या म्हाताऱ्याला अख्खं शहर ‘तोफ’ म्हणायचं. तो बोलायला लागला की मैदानातली हजार माणसं पेटायची. त्या धर्माच्या लोकांकडून पाव घेऊ नका, त्यांना घर भाड्यानं देऊ नका, त्यांना एकदाचा धडा शिकवा. मागच्या वर्षीच्या भाषणानंतर लोकांनी तो शिकवलाच. त्यात एका बेकरीची काच फुटली आणि बेकरीवाल्याच्या धाकट्या भावाचा डोळा गेला.

बेकरीवाला तिचा नवरा. डोळा गेला तो तिचा दीर.

हे तिनं दवाखान्यात कुणालाच सांगितलं नव्हतं. झटका येऊन म्हाताऱ्याची वाचा बसली, मोठ्या हॉस्पिटलनं चिठ्ठी दिली, आणि शहरात वाचेवर उपचार करणारी ती एकटीच. नवरा म्हणाला होता, “सापाला दूध पाजतेस, पाज. चावला की मला सांगायला येऊ नकोस.” तिलाही तसंच वाटत होतं.

उपचाराचा भाग म्हणून ती त्याला दर शनिवारी वाचनालयातल्या बैठकीत बसवायची. दोन्ही धर्मांची पंधरा-वीस माणसं तिथं गोल करून बसत. नियम एकच. आधीच्या माणसाचं म्हणणं त्याला पटेल असं सांगून दाखवायचं, मगच आपलं तोंड उघडायचं. प्रत्येकाला दोन मिनिटं. वाचनालयाच्या बाई घड्याळ घेऊन बसत आणि कुणाची गय करत नसत.

“माणसांच्या बोलण्यात बसलं की जीभ सैल होते,” असं तिनं जावयाला पटवलं होतं.

“बसू देत की. त्यांच्या गोटात काय शिजतंय तेही कळेल.” मुका माणूस ते घरी येऊन सांगणार कसं, हे त्याला सुचलं नव्हतं.

खरं म्हणजे तिला एक वेडी आशा होती. ऐकून ऐकून म्हातारा निवळेल. पण आठ शनिवार तो भिंतीकडे बघत बसला. गेल्या खेपेला दीर पहिल्यांदा बोलला. सकाळी फळीवर पाव लावत होतो, पाठीमागून आवाज आला, मी वळलो, एवढं सांगेपर्यंत त्याची वेळ संपली. पुढची पाळी म्हाताऱ्याची होती. त्यानं नुसती मान हलवली, हात गुडघ्यांवर दाबून धरले, आणि पाळी पुढे गेली. ती आणि दीर तिथं एकमेकांना ओळखही दाखवत नसत; बैठक संपली की मात्र कोपऱ्यावरून एकाच रिक्षानं घरी जात.

आता या रविवारी मैदानात सभा ठरली होती. वाचा आली तर म्हातारा मंचावर, आणि मग पुन्हा बेकरीची गल्ली. आठवडाभर तिला जेवण जात नव्हतं. मुद्दाम चुकीचे व्यायाम द्यावेत, असं दोनदा मनात आलं. हात धजला नाही. जे असेल तेच लिहायचं, असं तिनं आज सकाळी ठरवलं होतं.

जावई दार न वाजवताच आत आला.

“काय मॅडम, रविवारपर्यंत होतंय ना? माइकवाल्याला सांगून ठेवलंय मी.”

“बघू.”

“बघू काय? परवा झोपेत बोलले हे. चांगलं स्पष्ट. माझ्या बायकोनं ऐकलं.”

तिनं पेन खाली ठेवलं. “काय बोलले?”

“ते नाही कळलं तिला. पण आवाज यांचाच, म्हणाली.”

म्हातारा खिडकीबाहेर बघत होता. तिनं त्याला पुन्हा सगळं करायला लावलं. जीभ बाहेर, जीभ वर. ‘आ’, ‘ई’, मग त्याचं स्वतःचं नाव. घरघर, आणि पुन्हा घरघर. त्याच्या कपाळावर घाम आला. तिला सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

‘वाचा आलेली नाही,’ तिनं लिहिलं आणि खाली सही केली. तिनं कुणालाही फसवलं नव्हतं.

जावयानं कागद वाचला. “झालं! म्हणजे आता मी बोलू तिथं? माझं घरात कुणी ऐकत नाही, तिथं कोण ऐकणार?” कागद टेबलावर टाकून तो गाडी दारात आणायला गेला.

त्याच्या बुटांचा आवाज जिना उतरून गेला. म्हाताऱ्यानं दाराकडे बघितलं आणि कागद तिच्यापुढे सरकवला.

“याच्याखाली ‘अजून सहा महिने तरी येणार नाही’ एवढं वाढवा, मॅडम,” तो म्हणाला, हळू पण खणखणीत. “तुमच्या दिराचं अर्धंच ऐकून झालंय माझं.”