पाळी लांबवायच्या गोळ्या

"फेकून दे ते गोळी," यमुताई म्हणाल्या. "आज सुरू केली तं नेमकं महालक्ष्म्यांतच येईन न वं तुले!"

कामिनीच्या तळहातावर गोळी होती आणि दुसऱ्या हातात पाण्याचा पेला. मोठी नणंद राखी बांधायला सकाळीच काटोलहून हुडकेश्वरला आली होती. चहा घेताना कामिनीनेच तिला सगळं सांगितलं. बाई आहे, समजून घेईल, असं वाटलं होतं. यमुताई मात्र बोटांवर महालक्ष्म्यांपर्यंतचे, म्हणजे गौरींच्या सणापर्यंतचे दिवस मोजायला लागल्या.

कामिनीची पाळी बंद होऊन सात-आठ महिने झाले होते. तेव्हापासून अंगात भट्टी पेटलेली. ऑफिसात साहेबांसमोर उभी असताना कानशिलं तापायची, मानेवरून घाम ओघळायचा, ब्लाऊज पाठीला चिकटायचा. ऐन जानेवारीत तिने कूलर लावला, तेव्हा जितेंद्र, तिचा नवरा, ब्लँकेट घेऊन मुकाट्याने बैठकीत झोपायला गेला. तिला झोप नव्हती, आणि झोप नाही म्हणून डोकं ठिकाणावर नव्हतं. एकदा तर स्टेपलर सापडेना म्हणून ती सगळ्यांदेखत रडली. लोक म्हणायचे, या वयात होतंच. असं म्हणणाऱ्यांपैकी कुणालाच ते होत नव्हतं.

शेवटी ती एकटीच डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी सगळ्या तपासण्या केल्या. मग म्हणाल्या, शरीरात जे हार्मोन कमी पडतंय ते आपण गोळीने देऊ. महिन्याकाठी थोडं रक्त जाईल, पाळीसारखं. त्याला घाबरायचं नाही.

कामिनी घाबरली नाही. घाबरल्या त्या यमुताई. पाळी गेलेली सून म्हणजे या घराला लागलेली लॉटरीच होती. बारा महिने शुद्ध! महालक्ष्म्यांचा सोवळ्यातला सैपाक, सोळा भाज्या, पुरणाच्या पोळ्या, सगळं आता डोळे मिटून तिच्यावर टाकता येणार होतं. आणि ही बया स्वतःच्या हाताने विटाळ परत आणायला निघाली होती.

"मले झोप पाहिजे, ताई," कामिनी म्हणाली. "बाकी काही नाही."

जितेंद्र मनगटावरची नवी राखी फिरवत बसला होता. "महालक्ष्म्या होऊन जाऊ दे न," तो म्हणाला. "मंग घेजो. पळून थोडीच चालली गोळी?"

कामिनीने पेला टेबलावर आपटला. थोडं पाणी सांडलं.

"महालक्ष्म्या आल्या की दर वर्षी पाळी लांबवायच्या गोळ्या कोण आणून दे मले? तुम्हीच न? मेडिकलातून, पेपरात गुंडाळून! पोट फुगे, डोकं फुटे, तरी मी गुपचूप गिळल्या. तवा काहून नाही कोणी म्हटलं, गोळी फेकून दे म्हणून? सणासाठी गिळली तं चालते. माह्यासाठी गिळली तं विटाळ?"

पाळी हा शब्द त्या बैठकीत इतक्या मोठ्याने कधी कुणी उच्चारला नव्हता. जितेंद्र टीव्हीचा रिमोट शोधायला लागला.

"अन् हेही ऐका," कामिनीचा आवाज आता खाली यायला तयार नव्हता. "महालक्ष्म्यांत आलं तं आलं. मी सैपाकखोलीतच राहीन. ज्याले माह्या हातचं चालत नसन, त्यानं स्वतः पुरण वाटावं."

यमुताईंनी आईकडे पाहिलं. जितेंद्रनेही पाहिलं. प्रयागबाई दिवाणावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, ताठ, कमी बोलणाऱ्या. शिवाशीव त्यांनी काटोलच्या घरातून इथे सामानाबरोबर आणली होती, आणि घरातला शेवटचा शब्द त्यांचाच असायचा. पंचवीस वर्षांत कामिनीने तो एकदाही मोडला नव्हता. आज मोडायचाच असं तिने ठरवलं होतं. पण सासूने नाही म्हटलं तर आपण पुन्हा गप्प बसू, ही भीती तिला सगळ्यात जास्त होती.

म्हणून सासूने तोंड उघडायच्या आतच तिने गोळी जिभेवर ठेवली आणि पेला एका दमात रिकामा केला.

"पाह्य वं आई, पाह्य!" यमुताई ओरडल्या. "तुह्या डोळ्यादेखत! अन् तू? छप्पन वर्षांची होईस्तोवर दर महिन्याले चार दिवस मांगच्या खोलीत बसली. घोंगडीवर निजली, पन एक डाव चुकवला नाही. मी सोता पाह्यलं. कसं पाळलं तू, सांग हिले. सांग!"

कामिनीलाही ते आठवत होतं. नवी सून असताना त्या खोलीच्या दाराशी ताट ठेवून ती मागे सरायची, आणि आत सासू भिंतीकडे तोंड करून झोपलेली असायची.

प्रयागबाई दिवाणावरून उतरल्या. सुनेजवळ आल्या. तिच्या हातातला पेला त्यांनी काढून घेतला आणि पदराने तिच्या मानेवरचा घाम टिपला. त्यांनी कामिनीला असा हात याआधी कधी लावला नव्हता.

"माही पाळी तं पन्नाशीच्या आंधीच गेली होती, यमे," त्या लेकीला म्हणाल्या. "सांगतलं असतं, तं झोपाले भेटत होते ते चार दिवसबी गेले असते."