सगुणाला वळसा

दुपारच्या शांततेत वृषालीच्या हातून दुधावरची ताटली निसटून खणखणली. शर्वी मात्र टीव्हीसमोरून हलली नाही. तिच्या फुटबॉल क्लबचा सामना चालू होता, सातासमुद्रापलीकडं.

जिंकायला नव्या चाली कुठून आणायच्या, हा घोर आता जगातल्या सगळ्याच क्लबांना होता. म्हणून कोल्हापूरची पोरं कपाळाला त्यांची मऊ पट्टी बांधून झोपायची. पोरांना स्वप्नात सुचलेली चाल पट्टी उचलून न्यायची आणि तिकडच्या खेळाडूंच्या पायांत उतरवायची. एकदा नेलेलं स्वप्न परत पडत नाही, हे करारावर सही करतानाच सांगितलं होतं. वृषालीला वाटलेलं, पोरीला स्वप्नांचा काय तोटा?

पडद्यावर एक खेळाडू मोकळ्या मैदानात थबकला. कशाला तरी मोठा वळसा घालताना त्यानं हवेतच कुणाची तरी पाठ थोपटली, आणि गोल केला.

"बघ की आई, आपली सगुणा," शर्वी हरखून म्हणाली.

सगुणा त्यांची म्हैस. शर्वी गल्लीत खेळायची तेव्हा ही मधोमध बसलेली असायची. गेल्या वर्षी ती गेली, तेव्हापासून फक्त शर्वीच्या स्वप्नात यायची.

शर्वी कपाळ चोळत आईजवळ आली.

"आई, मग आता ती त्याच्याच झोपेत राहणार का गं?"